कुमुदबाईंचे कान

कुमुदबाईंच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी लेख द्या, असा निरोप घेऊन समितीतले आमचे एक माजी विद्यार्थी घरी आले. चहा पिऊन निघताना म्हणाले, "सर, जरा गोड लिहा हां." मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. गोड बोलणं माझ्या विषयात येत नव्हतं. शिवाय बाईंबद्दल आज जे सांगण्यासारखं आहे ते गोड नाहीच. तरी लिहितो. या ग्रंथात बाकीचे सगळे गोड लिहिणारच आहेत, एकाचं तोंड कडू असलं म्हणून बिघडत नाही.

मी मूळचा उरणकडचा, मिठागरवाल्या आगरी घरातला. बोर्ली पंचतनजवळच्या या शाळेत नोकरीला लागलो तेव्हा अंगात मस्ती होती आणि गळ्यात नवी कोरी शिट्टी होती. शाळेचं मैदान आणि बाईंची नारळी-पोफळीची वाडी यांच्यामध्ये तेव्हा फक्त मेंदीचं कुंपण होतं. पहिल्याच सकाळी मी पोरांची रांग लावली आणि दणादण शिट्ट्या फुंकल्या. तेवढ्यात सुती पातळातल्या एक किडकिडीत बाई मैदान ओलांडून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, कोणीतरी पालक असतील.

"तुम्ही नवीन सर ना? शिट्टी छान वाजवता," त्या म्हणाल्या. "फक्त ती त्या टोकाला जाऊन वाजवाल का? इथे कुंपणावर दयाळ गातो. त्याला वाटतंय दुसरा नर आलाय त्याची जागा घ्यायला. मघापासून बिचारा तुमच्याशी भांडतोय."

मी पाहिलं. काळापांढरा, मुठीएवढा पक्षी शेपूट उभारून खरोखरच माझ्याकडे बघून तावातावानं ओरडत होता. पोरं खी खी करून हसली. मनातल्या मनात मी बाईंना काय म्हटलं ते या ग्रंथात छापता येणार नाही. पण निमूटपणे रांग वळवली आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेलो. निवृत्त होईपर्यंत माझी पी.टी. त्याच टोकाला चालली.

बाई मराठी शिकवत. पक्ष्यांचा तास वेळापत्रकात कुठेच नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना यायचं ती मुलं बाईंच्या वाडीत जात, पाण्याच्या पाटाच्या कडेला माडाच्या झावळ्यांचे झाप अंथरून बसत आणि गप्प राहत. दुर्बीण नाही, पुस्तक नाही, बोट दाखवायचं नाही. कोणी "बाई, हा कोणता पक्षी?" असं विचारलं की बाई म्हणत, "नाव घाईनं कशाला? आधी तो करतोय काय ते बघ." आमची आठवीची तुकडी म्हणजे शुद्ध वानरसेना होती. मी दम देऊन, उठाबशा काढायला लावून थकलो होतो. ती वानरसेना बाईंच्या वाडीत हूं की चूं न करता बसलेली मी कुंपणावरून पाहिली आणि माझा इतका जळफळाट झाला की पुढच्या शनिवारी मीही जाऊन बसलो. मला काही दिसलं नाही. ऐकू तर त्याहून आलं नाही. बाई म्हणाल्या, "सर, तुमचे कान शिट्टीनं कधीच फुटलेत. डोळ्यांवर भागवा."

त्या डोळ्यांवर मी पुष्कळ वर्षं भागवलं. शिमगा झाला की दयाळ गळा मोकळा करायचा. माडाच्या वठल्या बुंध्यात तांबट बिळासारखं घर कोरायचा आणि दुपारभर तांब्याच्या हंड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक-टुक करत राहायचा. विहिरीमागच्या जाळीत भारद्वाज घुमायचा. केळफुलावर शिंजीर उलटा लटकायचा. हे सगळं मी बाईंच्या बोटाशिवाय, त्यांच्या नुसत्या मान वळवण्यावरून शिकलो. त्या ज्या बाजूला मान वळवत तिकडे बघायचं, बस्स.

बाईंच्या शब्दाला वाडीत केवढी किंमत होती त्याचाही एक प्रसंग सांगतो. पांडू नावाचा पाडेकरी त्यांचे नारळ उतरवायचा. एकदा तो अर्ध्या माडावरून ओरडला, "बाय, हितं पाखरानं घर केलंय! पेंड उतरवू का न्हाय?" बाई खालून म्हणाल्या, "राहू दे." पुढच्या माडावरही तेच. पांडू खाली उतरला, कोयता कमरेला खोवत म्हणाला, "ह्या सालाला नारळ इकायचं का पाखरं इकायची त्ये एकदा ठरवा." बाई मनापासून हसल्या आणि त्याला चहा दिला. नारळांची पेंड मात्र माडावरच राहिली. व्यापारी कुरकुरला, भावजय नलूवहिनी कुरकुरल्या, पण बाई ढिम्म. वरून पिल्लं उडेपर्यंत त्या माडाखालून कुणी मोठ्यानं बोलत गेलेलंसुद्धा त्यांना चालत नसे.

आता घरातली गोष्ट. सुमनची, म्हणजे माझ्या पत्नीची, परवानगी घेऊन लिहितो. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं. सुमन दवाखान्यातून रिकाम्या ओटीनं घरी आली आणि बोलायची थांबली. सासरमाहेरच्या बायकांनी शहाणपणाचे डोस पाजले, मी नवससायास केले. बाई मात्र रोज संध्याकाळी येत, मागच्या दारी तिच्याशेजारी बसत. आमच्या बदामाच्या झाडाची दोन पानं शिवून एका शिंपिणीनं घरटं केलं होतं, दोघी तिकडे बघत बसायच्या. एक दिवस मांजरानं ते घरटं फाडून पिल्लं खाल्ली. शिंपीण आकांत करत फिरली आणि काही दिवसांनी पुन्हा कापूस नेऊ लागली. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "बघ सुमन, ती पुन्हा बांधतेय."

सुमन ताडकन उठली. "मी काय पाखरू आहे का बाई?" एवढं म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई दारापाशी उभ्या राहिल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, "सुमन, चुकलं माझं. पुन्हा नाही म्हणणार." दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तशाच बसल्या आणि त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. सुमन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली ती तेव्हा. त्यानंतर कुठल्याही भाषणात बाईंनी पक्ष्यांपासून काय शिकावं ते सांगितलं नाही. निरोप समारंभात कुणी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "पक्षी आपल्याला शिकवायला येत नाहीत हो. त्यांना त्यांचं पोट आहे, पिल्लं आहेत. आपण शेजारी आहोत, शेजाऱ्यासारखं वागावं." आपली चूक अशी आयुष्यभर लक्षात ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

इथपर्यंत गोडच झालं की. आता पुढचं ऐका.

टाळेबंदीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर वादळ आलं ते तुम्ही सगळ्यांनी सोसलेलं आहे, त्याचं वर्णन करत बसत नाही. बाईंची पोफळ तर निम्म्याहून अधिक आडवी झाली. माड काही मुळासकट गेले, काहींचे नुसते शेंडे मोडले आणि बुंधे थोटे होऊन उभे राहिले. माणसं ऊर बडवत होती. पण त्या थोट्या बुंध्यांत पोपट आले, तांबट आले, दयाळही आला. बाई म्हणाल्या, "आपलं घर गेलं, त्यांना घरं मिळाली. असू दे." त्या वर्षी वाडीत झाडं कमी आणि आवाज जास्त होता.

मग लोकांनी नवी रोपं लावली. आणि कुजक्या बुंध्यांत भुंगा झाला. माड लावणाऱ्याला भुंगा काय करतो ते सांगायला नको, कोवळा कोंभ आतून खाऊन टाकतो. सगळ्यांना सल्ला मिळाला, थोटे माड तोडा, जाळा, नाहीतर नवी लागवड हाती लागणार नाही. सल्ला चुकीचा नव्हता. बाईंची स्वतःची रोपं सुकत चालली होती. नलूवहिनींचा संसार त्या वाडीवर. बाईंनी पुष्कळ दिवस टाळलं आणि शेवटी पांडूला बोलावलं.

पांडू म्हणाला, "बाय, ह्याच्यात पोपटाचं बिऱ्हाड हाय."

"पिल्लं उडू देत. मग तोड."

पिल्लं उडाली आणि पांडूनं तोडले. एकही ठेवला नाही. बाईंना वाटलं, शेजारच्या वाडीत असतीलच की चारदोन. शेजाऱ्यांना वाटलं, आपण तोडले तरी कुमुदबाई काही तोडायच्या नाहीत, जातील पाखरं तिकडे! अख्ख्या गावाची अशी समजूत होती. कुणी पाप केलं नाही, कुणी आळसही केला नाही. सगळ्यांनी वाडी झाडून पुसून लख्ख केली आणि गावात एक वठलेला बुंधा उरला नाही. त्यातच मेंदीची कुंपणं जाऊन चिऱ्याचे गडगे आले, विहिरीमागची जाळी साफ झाली. शेजारच्या वाडीत कॉटेजेस झाली, तिथे पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून रोज संध्याकाळी धूर मारतात. डास मेले, त्यांच्याबरोबर काय काय मेलं ते कुणी बघितलं?

मी उरणचा आहे म्हणून सांगतो, हे असंच होतं. आमची मिठागरं बुजली, त्यावर कंटेनर उभे राहिले. खाडीवर थव्यांनी उतरणारी पाखरं कधी यायची बंद झाली ते माझ्या बापालाही सांगता येत नव्हतं. जमीन गेली होती, पाखरांचं कोण विचारतो! बाईंच्या वाडीत यायचो तेव्हा वाटायचं, एवढा एक तुकडा तरी राहील. कसलं काय.

साधारण दोनेक वर्षांपूर्वी गावात बोलवा उठली की कुमुदबाईंना ऐकू येईनासं झालं. नलूवहिनी हाका मारून दमायच्या, बाई पाटाच्या कडेला बसल्या जागी हलायच्या नाहीत. पोस्टमन हाका मारून परत जायचा. लोक म्हणाले, वय झालं. मी विचारलं तेव्हा बाईंनी जे सांगितलं ते मी अजून पचवू शकलेलो नाही.

"सर, मला दयाळ ऐकू येत नाही. तांबट नाही, भारद्वाज नाही. कावळा येतो, बुलबुल कधीमधी येतो, बाकी काही नाही. म्हणून मी कान लावून बसते आणि वहिनींच्या हाकेकडे लक्ष राहत नाही. पण लोक म्हणतात तेच खरं असेल. माझे कानच गेले असतील." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गेलेलेच असू देत."

मला आधी उमगलंच नाही. माणूस पंच्याहत्तरीकडे येतो तेव्हा देवाकडे मागतो की हातपाय, डोळे, कान शाबूत ठेव. ह्या बाई मागत होत्या की कान गेलेले असू देत. कान गेले असतील तर पक्षी आहेत. वाडीत दयाळ गातोय, तांबट हातोडी मारतोय, फक्त म्हाताऱ्या बाईला ऐकू येत नाही. एवढ्याशा आशेवर त्या दिवस काढत होत्या.

त्यांनी मला पहाटे येऊन बसायला सांगितलं. मी बसलो. उजाडेपर्यंत कान ताणले. कावळे, समुद्राची गाज, रस्त्यावर एक डंपर. मी मान हलवली. बाई लगेच म्हणाल्या, "तुमचं काय धरायचं! तुम्हाला तेव्हा तरी कुठे ऐकू यायचं?" बोलणं चेष्टेचं होतं, पण त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. मीच म्हणालो, "बाई, अलिबागला कानांचे डॉक्टर आहेत. एकदा सोक्षमोक्ष लावू." जन्मभर डॉक्टरांना टाळणाऱ्या बाई एका शब्दात तयार झाल्या.

दिघीहून फेरीबोटीनं गाडीसकट आगरदांड्याला उतरलो, पुढे मुरूडवरून अलिबाग. वाटेत बाई लग्नाला निघाल्यासारख्या खुशीत होत्या. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून, आवाज आला की बटण दाबायचं अशी ती तपासणी. मी काचेतून बघत होतो. बाईंचा अंगठा बटणावर जायचा, थबकायचा आणि मग दाबायचा.

तरुण डॉक्टर हसत बाहेर आले. "आजी, पेढे वाटा! या वयात असे कान मी क्वचित बघतो. वरच्या पट्टीतलं बारीकसं थोडं कमी झालंय, तेवढं होणारच."

बाईंनी तेवढंच धरलं. "वरच्या पट्टीतलं म्हणजे? शिंजीर, शिंपी?"

"असेल, बारीक पक्ष्यांचं असेल."

"आणि दयाळ? त्याची शीळ तर उंचच असते."

डॉक्टरांनी मोबाइल काढला, कुठूनसा शोधून दयाळाचा आवाज लावला. बाईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी आवाज बारीक केला, आणखी बारीक केला. बाई प्रत्येक वेळी मान डोलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "भारद्वाज हूप-हूप करतो तो? तांबट?"

"अहो आजी, ते आवाज तर खालचे. ते तुम्हाला अगदी स्पष्ट ऐकू यायलाच हवेत."

डॉक्टरांचा बिचाऱ्यांचा काय दोष! ते आनंदाची बातमी देत होते. बाईंनी त्यांना नमस्कार केला, आशीर्वाद दिला आणि बाहेर येऊन बाकावर बसून ओक्साबोक्शी रडल्या. तिथली नर्स धावत आली. मला विचारलं, "काही वाईट निघालं का हो?" मी म्हटलं, "नाही, कान चांगले निघाले." ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली.

परतीच्या फेरीबोटीत बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, आत बसले होते ना, तेव्हा वाटलं, बटण दाबूच नये. कोण बघतंय? डॉक्टरांनी लिहून दिलं असतं, बहिरी म्हणून."

"मग का दाबलंत?"

"परीक्षा होती ना हो. कॉपी कशी करणार?"

मग म्हणाल्या, "पांडूनं विचारलं होतं मला. एक जरी ठेवला असता." मी म्हटलं, बाई, सगळ्यांनीच तोडले. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना ऐकू येत नव्हतं. मला येत होतं." मी त्यांना आणखी धीर दिला नाही. मिठागरं गेली तेव्हाही आम्हाला सगळे धीरच देत होते, त्या धीराचं काय झालं ते मी बघितलंय.

त्यानंतर बाई पहाटे वाडीत बसायच्या बंद झाल्या. ज्या घरात कधी टीव्ही नव्हता तिथे आता टीव्ही आलाय. उजाडायच्या वेळेला, ज्या वेळेला त्या पाटाच्या कडेला जात, त्या वेळेला तो मोठ्या आवाजात सुरू होतो. बातम्या, भजनं, साड्यांच्या जाहिराती, काय लागलं असेल ते. त्या बघत नाहीत, टीव्हीकडे पाठ करून शेंगा सोलत बसतात. रस्त्यानं जाणारे म्हणतात, बघा, पार बहिऱ्या झाल्या. बाई कुणालाही दुरुस्त करत नाहीत. मराठीच्या बाई, ऱ्हस्वदीर्घाची चूक न सोडणाऱ्या, आणि ही एवढी मोठी चूक खुशाल चालू देतात.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिहा की. असली पुस्तकं लोक वाचत थोडीच! शालीबरोबर घडी घालून कपाटात ठेवतात." तेव्हा ज्यांनी चुकून इथपर्यंत वाचलं असेल त्यांना एक विनंती. तुमच्या वाडीत वठलेला माड अजून उभा असेल तर कुणाला सांगू नका, समारंभ करू नका, फक्त त्याला हात लावू नका. त्यानं फार काही होईल असं मला वाटत नाही. बाईंनाही वाटत नाही, मी विचारलंय. तरी सांगतो.

रिवाजाप्रमाणे आता शुभचिंतन. बाई, तुमच्यामुळे आमच्या शेकडो पोरांना गप्प बसून बघायला आलं, सुमनला तुमचा खांदा मिळाला, माझ्यासारख्या धटिंगणाला दुसऱ्याची जागा सोडून उभं राहायला आलं. तुमचे गुडघे चालते राहोत. शंभरीपर्यंत चष्म्याचा नंबर वाढू नये. सुमनच्या हातची आंबोळी तुम्ही अजून खूप वर्षं नावं ठेवत खावी. जेवण पचो, झोप लागो, तब्येत ठणठणीत राहो. परमेश्वराकडे हे सगळं मी हात जोडून मागतो. कानांचं मात्र काही मागत नाही.